मार्थाबाईंची काळी चार

८ नोव्हेंबर, शुक्रवार. चर्चमधून आल्यावर.

आज गायले. काळी चारला, तरण्या पोरींच्या उंच पट्टीत. माझ्या वयाची काळी चारला गाणारी एक बाई आख्ख्या नगर जिल्ह्यात दाखवा, कुवेत तर सोडाच. इथल्या बायका वरचा सूर लावतात तेव्हा दारात बोट सापडल्यासारखं वाटतं.

पाळकसाहेब म्हणाले, मार्थाबाई, वीस डिसेंबरला मोठ्या हॉलमध्ये सगळ्या भाषांचा मिळून नाताळ आहे, प्रत्येक मंडळीचं एक गाणं, मराठीचं तुम्ही म्हणा. मी म्हटलं, दुसरं कोण म्हणणार? ते हसले. त्यांनाही पटलं.

गाडीत अरुणला सांगितलं. अरुण माझा मुलगा. कुवेत सिटीत बँकेचे हिशेब बघतो, घरातलं काही बघत नाही. छान म्हणाला. मग सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, आई, तुझा इकामा जानेवारीत संपतोय. या खेपेला नगरलाच राहतेस का? आत्याचं घर मोठं आहे, ती एकटीच असते. इथं दोन खोल्या, त्यात आर्याची दहावी. नाताळ झाला की बघू.

आर्या माझी नात, आणि आत्या म्हणजे माझी नणंद ठकूबाई. ठार बहिरी. तिच्याबरोबर राहणं म्हणजे भिंतीशी संसार.

पण बघू म्हणाला. म्हणजे ठरलेलं नाही. मोठा हॉल भरून लोक जिच्यासाठी टाळ्या वाजवतात, त्या आईला कोण विमानात बसवतं? अरुण शरमेनं स्वतः जाऊन इकाम्यावर, म्हणजे इथं राहायच्या परवान्यावर, शिक्का मारून आणेल.

९ नोव्हेंबर. सकाळ.

ठरवलं. आजपासून थंड पाणी बंद. लोणचं बंद. रोज मिठाच्या गुळण्या. सुनेला टोमणे बंद, घशावर ताण येतो.

दुपार.

रुपालीच्या आमटीबद्दल बोलावंच लागलं. तो टोमणा नव्हता, माहिती होती. आमटी उतरेना म्हणून लोणचं घेतलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार.

रविवारी इथं ऑफिस असतं, म्हणून देवाचा वार शुक्रवारी. हॉल एक आणि मंडळ्या पुष्कळ. आमची वेळ संपली की केनियाची माणसं दारात उभी असतात, पुढच्या लग्नाचं वऱ्हाड आल्यासारखी.

रुपाली की-बोर्ड वाजवते. वाजवते म्हणजे वाजतो. माझ्या गाण्याआधी दर वेळी एक बटण दाबते, टुक टुक टुक टुक टुक. आज विचारलं, काय गं ते? म्हणाली, आवाज बारीक करते, आई, तुमचा झाकला जाऊ नये म्हणून. माझा आवाज हिच्यानं झाकला जाणार! पण बोट काळी चारवरच ठेवते. मी डोळा ठेवून असते.

शाल विसरले म्हणून परत आत गेले, तर केनियाचं सुरू झालं होतं. पुढं मर्सी नावाची बाई. दवाखान्यात नर्स आहे. देह दरवाजाएवढा. पहिला सूर लावला आणि माझ्या बांगड्या हलल्या. मग सगळे डोलायला लागले, टाळ्या, मधेच कुणी ओरडतं, ती आणखी वर जाते, रडते काय, हसते काय. आपल्याकडं असं गायलं तर पंच मंडळी घरी येऊन समजावतील.

आर्याला विचारलं, असलं कसलं हे गाणं? ती म्हणाली, इट्स गॉस्पेल, आजी. शी हॅज सो मच सोल. सोल म्हणजे आत्मा. मी म्हटलं, आत्मा आम्हालाही आहे, आम्ही तो सभेत हलवत नाही एवढंच.

शाल शोधायला बराच वेळ लागला. ती खांद्यावरच होती.

१६ नोव्हेंबर.

मर्सीला कोणी शिकवलं असेल? मला आईनं. आई मिशनची बायबलबाई. शेवगावकडच्या वाड्यावस्त्यांवर बैलगाडीतून जायची, लिंबाखाली उभी राहून गायची. मी डफ वाजवायचे. माणसं गोळा व्हायला गाणं लागायचं, नुसत्या वचनाला कुत्रंही थांबत नसे. चौथीनंतर शाळा सोडवली, कारण आईचा घसा बसला आणि माझा चालत होता.

मग लग्नं, बाप्तिस्मे, मयती. मी गायल्याशिवाय आमच्याकडं माणूस पुरत नसत. एकदा पुण्याला रेडिओत गाऊन दाखवलं. काचेपलीकडचा माणूस म्हणाला, कळवू. टपालखातं तेव्हापासूनच बिघडलेलं आहे.

नाताळला आईनंच रचलेलं पद म्हणणार. "उठा, उठा गं शेजारणी, गोठ्यात दिवा लागला." दुसऱ्या उठाला सूर छपराला लागतो. तो लागला की माझा इकामा लागला.

२२ नोव्हेंबर.

मोठा निर्णय. की-बोर्डवर गायचं नाही. मर्सीच्या मागं ड्रम, माझ्या मागं रुपाली, हे शोभत नाही. पेटी पाहिजे. अरुणचा मित्र अजय साळवे सुट्टीवरून परत येतोय, त्याला पेटी वाजवताही येते. त्याला नगरहून माझी जुनी पेटी आणायला सांगितलं.

रुपाली म्हणाली, आई, पेटी आणा, पण की-बोर्डही राहू दे बाजूला. मी म्हटलं, नको. तिचा चेहरा उतरला. वाटणारच. मान जातोय ना.

दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा अरुणकडून म्हणवलं. मत्सर वाईट.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार.

पेटी आली. अजयनं बॅगेतून सासूबाईंचे फराळाचे डबे काढले आणि पेटी भरली. बायको त्याच्याशी बोलत नाही. कलेसाठी कुणीतरी सोसावंच लागतं.

संध्याकाळी बसलो. अजयनं काळी चार धरली. मी उठा म्हटलं. पहिला उठा ठीक. दुसऱ्याला घशातून काहीतरी भलतंच आलं. आर्या आतल्या खोलीतून धावत आली, तिला वाटलं मी पडले.

पेटी चढली आहे. थंडी पडल्यावर लाकूड आकसतं, सूर वर जातो.

३० नोव्हेंबर.

सगळे बाहेर असताना तपासून पाहिलं. रुपालीचा की-बोर्ड काल चर्चमधून आणला तसाच होता, त्यावर काळी चार दाबली. मग पेटीची काळी चार. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक! एकाच घरात दोन काळी चार. की-बोर्डवर मी वर्षानुवर्षं गाते, तेव्हा तो बरोबर. पेटी खोटी.

अरुणला सांगितलं. त्यानं की-बोर्ड पाहिला, रुपालीकडं पाहिलं. रुपालीनं भाजीकडं पाहिलं. मग अरुणनं मोबाइल पेटीजवळ धरला. मोबाइलमध्ये सूर मोजायचा काटा असतो म्हणे. काटा मधोमध. पेटी अगदी बरोबर आहे, आई, म्हणाला.

मोबाइलही थंडीतच होता.

६ डिसेंबर.

अजय म्हणतो, मार्थाआत्या, काळी एक घेऊ या का? मी म्हटलं, ती बाप्यांची पट्टी. उद्या मला मिशा लाव म्हणशील. त्यानं पेटी मिटली. लवकर घरी गेला. बायको अजून बोलत नाही, तरी.

मध, आलं, ज्येष्ठमध. सगळं चालू. घसा चुलीसारखा झालाय.

७ डिसेंबर. सकाळी.

अरुणनं कपाटावरची माझी बॅग खाली काढली. का म्हटलं तर, धूळ पुसतोय. कुवेतमध्ये धूळ कुठं नाही? माझ्याच बॅगेची का पुसायची?

बॅग परत वर ठेवली. मी स्वतः, खुर्चीवर चढून. कंबर धरली.

११ डिसेंबर.

आर्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. आफ्टर आजी गोज, असं काहीतरी, आणि मग विंडो. पोरीला वाटतं मला इंग्रजी कळत नाही. आफ्टर कळतं. गोज कळतं. खिडकीजवळ माझी खाट आहे, त्यामुळं विंडोही कळलं.

काही बोलले नाही. दिवसभर. घशाला तेवढी विश्रांती.

१३ डिसेंबर, शुक्रवार.

आज मुद्दाम शाल विसरले. मर्सीला गाठलं. तिला दवाखान्यातलं थोडं हिंदी येतं. मी दुसरा उठा म्हणून दाखवला. तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. इधर से, ममा, गला नहीं. पोटात सकाळपासून ॲसिडिटी होती, तरी जोर लावला. सूर नाही आला, दुसरंच आलं. मर्सी म्हणाली, देव ऐकतो. देवाचा प्रश्न नाही, मी म्हटलं, मुलाचा आहे. तिला ते कळलं नाही.

ती दर महिन्याला गावाला फोनवर गाऊन दाखवते. तिची आई पलीकडून म्हणते, आणखी वर. अशी माणसं असतात.

१८ डिसेंबर.

प्रभूला स्पष्ट सांगितलं. आजवर मी तुझ्यासाठी गायले. लग्नात गायले, मयतीत गायले, पावसात तंबू गळत होता तेव्हा गायले. काही मागितलं नाही. नवऱ्याच्या आजारात मागितलं, ते तू दिलं नाहीस, तेही मी काढलं नाही कधी. आता एक उठा दे. एकच. नंतर घसा घेऊन जा.

वर लोणचं सोडते म्हटलं. मग आठवलं, ते आधीच सोडलेलं आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार. घरी आल्याबरोबर.

जिंकले!

हॉल गच्च. मल्याळी, तेलुगू, फिलिपिनो, केनिया, सगळे. मराठी बायका मागं ओळीत, रुपाली त्यांच्यात. अजयनं काळी चार धरली. पहिला उठा. मग दुसरा. घशात काही अडकलं खरं, क्षणभर सगळं गप्प झालं. तेवढ्यात मर्सी आपल्या लोकांतून उठली, ओरडली, सिंग, ममा! आणि सगळी केनिया उभी राहिली. टाळ्या. यस, ममा! टेक युवर टाइम, ममा! मागोमाग तेलुगू उठले, मल्याळी उठले. मी उठा म्हटलं आणि आख्खा हॉल उठला. आईला बैलगाडीतून हे कधी जमलं नव्हतं.

आणि मग तो सूर लागला. छपराला. मी डोळे मिटले होते, पण कानांनी ऐकला. तसाच, लग्नाआधीचा.

गाडीत अरुण बोलला नाही. भरून आलं असणार. इकाम्याचं मी काढलं नाही. त्याला स्वतःला सुचू दे.

२२ डिसेंबर.

अरुणला अजून सुचलं नाही. ऑफिसात काम फार.

आर्याच्या मोबाइलमध्ये सगळं गाणं आहे. दाखव म्हटलं तर चार्जिंग नाही म्हणते. कालही नव्हतं. सारखा हातात असतो आणि चार्जिंग नाही.

२३ डिसेंबर. दुपार.

पाहिलं.

पेटी एका गावाला, मी दुसऱ्या. पहिला उठा बरा म्हणावा असा. दुसऱ्याला आधी नुसती हवा, मग शिंगरू अडकल्यासारखा आवाज. मग टाळ्या. केनियाचे लोक उभे. आर्याला विचारलं, का उभे राहिले? ती म्हणाली, दे डू दॅट, आजी, व्हेन समवन कान्ट. कुणाला जमेनासं झालं की ते सगळे उठतात, त्याला सावरायला.

मग तो सूर. छपराला लागलेला. मोबाइलमध्ये माझं तोंड दिसतं. मिटलेलं. मागं रुपाली दिसते. तोंड उघडं, मान वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या.

दोनदा पाहिलं. दोन्हीदा रुपालीच.

२४ डिसेंबर.

रुपाली करंज्या तळत होती. मी आर्याला की-बोर्डजवळ बसवलं. म्हटलं, तुझी आई माझ्या गाण्याआधी दाबते ते बटण कशाचं? आर्या म्हणाली, ट्रान्सपोज. बोट काळी चारवर ठेवलं तरी आवाज खालचा येतो. मम्मा नेहमी तुझ्यासाठी मायनस फाइव्ह करते, पाच पट्ट्या खाली. सिन्स कोविड. यू डिडन्ट नो?

मी म्हटलं, माहीत होतं. मुद्दाम विचारलं, तुझी परीक्षा.

करंज्या खारट झाल्या होत्या. तरी दोन खाल्ल्या. रुपाली घाबरली. दोनदा विचारलं तिनं, आई, बरं वाटतंय ना?

२८ डिसेंबर.

अरुण तिकीट घेऊन आला. अकरा जानेवारी. उभ्या उभ्या सांगितलं, मोज्याकडं बघत. आत्याला शेजाऱ्यांकरवी कळवलंय, तिनं खोली झाडून ठेवली. मी म्हटलं, बरं. आणखी काही बोलेन म्हणून थांबला. मग म्हणाला, सुट्टीत येऊ आम्ही. कळवू.

कळवू.

३ जानेवारी, शुक्रवार.

घसा बसलाय म्हणून गेले नाही. आर्यानं खाटेखालचं माप घेतलं, टेबल बसतं का बघायला. मी टेपचं दुसरं टोक धरलं.

१० जानेवारी, शुक्रवार.

शेवटचं म्हणून पाळकसाहेबांनी गायला लावलं. पेटी अजयकडं दिली आहे, बायको आता बोलते म्हणे, तिला गाऊन दाखव म्हटलं. रुपाली की-बोर्डवर बसली. बोट काळी चारवर, दुसरा हात बटणाशी नेला आणि माझ्याकडं पाहून तिथंच थांबली. कधी नव्हे ते बटण दाबेना. मंडळी वाट बघतायत, पाळकसाहेब घड्याळ बघतायत, बाहेर केनिया उभी.

मी वाकून म्हटलं, दाब की. आणि आज आणखी एक खाली घे, घसा बसलाय.

टुक टुक टुक टुक टुक. टुक.

दुसरा उठा लागला. छपराला नाही. पंख्यापर्यंत.

येताना तिला म्हटलं, तुझा वरचा सूर बरा आहे, दारात बोट सापडल्यासारखा लागत नाही. ती रडायला लागली. कौतुक करायची सोय नाही या बाईचं.

बॅग भरली. धूळ आधीच पुसलेली होती. गुळण्यांचं मीठ घेतलं नाही. ठकूला ऐकू येत नाही. तिच्यापुढं कुठल्याही पट्टीत चालेल.