उत्तर कोपऱ्यातला भोवरा

पूर्णा, १९ जानेवारी

तीर्थरूप कमळाआत्येस मेघालीचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? पडघ्याला थंडी जास्त, तेव्हा पहाटे अंगणात पाणी मारायचं सोड. इकडे सगळे बरे आहोत (म्हणजे बाबा चार दिवस धड जेवलेले नाहीत, पण तब्येत बरी आहे). पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होते, पण माझा फोन हातात दिसला की बाबा शेजारी येऊन बसतात.

तर झालं असं. आपल्या गोडाऊनमध्ये कापडाचे तागे ठेवणाऱ्यांनी तक्रार केली की शेजारच्या पॉवरलूमवरून उडालेली कापसाची पिंज उत्तरेच्या कोपऱ्यात रोज सकाळी गोल रिंगणात जमते. झाडली तरी दुसऱ्या दिवशी तेवढीच आणि तशीच गोल. बाबांनी ऐटीत सांगितलं, 'माझी पोरगी हवेचीच इंजिनीअर हाय, ती बघंल.' (मी काय करते ते तुला तीनदा सांगून झालंय आणि तू तिन्ही वेळा 'म्हणजे एसीचं' म्हणालीस. एसीचं नाही. हवा कुठून येईल, कुठे वळेल ते मी कॉम्प्युटरवर मांडते. जिथे ती गरगरते तिथे पडद्यावर रंगीत नळीसारखा भोवरा दिसतो.)

मी शटर, पंखे, खिडक्या मोजल्या, जमिनीवर जागोजागी थर्मामीटर ठेवले आणि सगळं आत भरलं. पहिल्या चित्रात अख्खं गोडाऊन शेवयांनी भरल्यासारखं दिसलं. तसं होतंच. किती जोरात फिरेल त्याला भोवरा म्हणायचं, हे आपणच ठरवायचं असतं. मी ती अट कडक करत गेले तसे शटरजवळचे गेले, पंख्याखालचे गेले आणि शेवटी एकच उरला. उत्तर कोपऱ्यात, माणसाच्या उंचीचा, जरा पोक काढून उभा. पंखे बंद केले, शटर ओढली (कॉम्प्युटरमधली), तरी तो आपला उभाच.

वॉचमन लडकूकाका माझ्या खांद्यावरून बघत होते. 'ह्यो व्हय? ह्यो रोजचाच हाय,' म्हणाले आणि चहा प्यायला गेले. तोवर मी घाबरले नव्हते.

भर दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, मी उदबत्ती पेटवून त्या कोपऱ्यात उभी राहिले. धूर हातभर सरळ गेला, थबकला आणि गोल फिरायला लागला. माझ्याभोवती. (मी पळाले, हे सुपरवायझरने पाहिलं. म्हणतो, 'मॅडम, भूत है तो बता दो, हम लोडिंग उधर से करेंगे.')

आकडे पुन्हा पाहिले तेव्हा त्या कोपऱ्यातली जमीन बाकीपेक्षा तीन अंश गरम निघाली. थंडीत गरम हवा वर चढते, फटीतल्या वाऱ्याने वळते, तोच भोवरा. हे झालं शास्त्र. पण जमीन तिथेच गरम का? बाबांना चित्र दाखवलं तर त्यांनी हाताने लॅपटॉप मिटला. म्हणाले, 'खाली हीर हाय. बुजवली न्हाय मी. नुसती स्लॅब टाकली.' (थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं, हे मला आधीच सुचायला हवं होतं.)

आत्या, त्या स्लॅबवरून रोज भरलेला फोर्कलिफ्ट जातो, आणि त्यावर माणूस बसलेला असतो! मी बाबांवर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. संध्याकाळपर्यंत तिथला माल हलवला, दोरी बांधली. सोमवारी स्लॅब फोडून विहीर भरायची ठरली आहे. थोडक्यात वाचलो म्हणायचं.

आतोबांना नमस्कार सांग.

तुझी मेघाली

ता. क. : विहीर का बुजवली नाही, असं विचारलं तर बाबा म्हणतात, 'तुझ्या आत्यानं शपथ घातली व्हती. तिलाच इचार.' आत्या, विहिरीत काय आहे? सोमवारच्या आत ये. तू येईपर्यंत बाबा जेवतील असं वाटत नाही.

आणखी एक : काल चित्रात विहीर घालून पुन्हा सगळं चालवून पाहिलं. खरं तर भोवरा मोठा व्हायला हवा होता. पण उत्तर कोपरा रिकामा आहे. तो आता गोडाऊनच्या ऑफिसात, माझ्या टेबलापाशी आहे. लडकूकाका म्हणाले, 'खुर्ची जरा सरकव, पोरी.' सरकवली आहे.