एक खंडी धान आणि पियानो

चांदा, २ डिसेंबर ५७
गोविंदाभाऊ आज पुन्हा नाही म्हणाला. त्याची सुमन इथे मिशनच्या बाईंकडे पियानो शिकली, मग मुंबईला. आता पुढचं शिकायला व्हिएन्नाला जायचं म्हणते, पण बापाच्या होकाराशिवाय नाही. "एकदा मुंबईला कार्यक्रमाला येऊन ऐका, मग नाही म्हणा," असा तिचा निरोप. हा जन्मभर दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या रात्रीच्या नाचगाण्याच्या खेळात, पेटी वाजवलेला माणूस. म्हणतो, "पेटी इथी बी हाये, मास्तर. समुद्रापार कायले?" शेवटी मी सोबत यावं या बोलीवर तयार. साप्ताहिकातल्या माझ्या टवाळीला आठवडाभर सुट्टी. गावाला तेवढाच आराम.

मुंबई, ७ डिसें.
सभागृहात सगळे निकाल ऐकायला आल्यासारखे बसलेले. काठीवाला साहेब लोकांकडे पाठ करून उभा. गो. : "याले कोनी सांगत काऊन नाई, लोक इकडं हायेत म्हनून?" दटावलं.
मग सुमन पियानोपाशी. साधं निळं पातळ. एवढा वाद्यांचा लोंढा अंगावर आला, पण पोरगी जागची हलली नाही. दुसरा भाग संथ. काही खोचक सुचतंय का पाहिलं. सुचेना. शेवटचा सूर विरला; मधे टाळी वाजवायची नसते म्हणे, सगळे चिडीचूप. आणि गो. उठून उभा! दंडार रंगली की बघणारा उठून बक्षीस पुकारतो, खेळ थांबतो. तसाच, त्याच आवाजात: "सुमनबाईले गोविंदाकडून एक खंडी धान!"
खुर्चीखाली जागा शोधली. साहेबाची काठी हवेत. सुमन उठली, बापाकडे वळून दंडारीतल्या नटासारखी वाकली, हात कपाळाला लावला, बसली. साहेब तेवढा वेळ थांबला. त्याची पाठ माफ. तिसरा भाग तिने जो वाजवला... उद्या लिहीन. नाही जमणार.
मध्यंतरानंतर गेल्या शतकातल्या कुणा जर्मनाची सिंफनी. दुःखसुद्धा एवढ्या लोकांनी मिळून, एका शिस्तीत करता येतं! बाहेर पडताना गो. : "एवढे लोक, मास्तर, पन कोनी कोनाच्या पुढं पळून नाई राह्यला. आपल्या दंडारीत चार जन, तरी ढोलकीवाला आधी पोचते."

९ डिसें.
वर्ध्याला गाडी बदलली. मीच विचारलं, "मग, होकार?"
"बक्षीस देल्लो ना."
"ते वाजवल्याचं. जाण्याचं काय?"
चांद्यापर्यंत तो खिडकीबाहेरची शेतं बघत राहिला.

१४ डिसें.
सुमन आलीय. संध्याकाळी गेलो. ती तांदूळ निवडत होती, गो. ओसरीवर. माझ्यादेखत विचारलं तिनं, "बाबा, जाऊ?"
गो. म्हणाला, "त्या गावी तुले बक्षीस कोन पुकारीन?"
तिनं तांदळाचं सूप माझ्याकडे सरकवलं. एरवी मला सगळ्यांत बोलायचं असतं; आज मीही खडे वेचत बसलो.