थेंबसुद्धा आत येणार नाही

१४ ऑक्टोबर, सकाळ

रेडिओवर पुन्हा तेच. चक्रीवादळ येतंय, सखल भाग सोडा. वेधशाळेतल्या लोकांना दुसरं काम नाही. वर्षभर खुर्च्या गरम करायच्या आणि एक दिवस सगळ्या शहराला घराबाहेर काढायचं.

गल्लीत पळापळ. शेजारचा दातांचा डॉक्टर गाडीच्या टपावर गादी बांधत होता. दोरीची गाठ तीनदा सुटली. असा माणूस लोकांच्या दाढा उपटतो. मला विचारतो, तुम्ही कधी निघताय? मी नुसता हसलो.

मी सॅनिटरीवेअरच्या शोरूमचा मॅनेजर आहे. नळ, पाइप, बेसिन, फ्लश टँक. पाण्याशी माझा जेवढा संबंध आला तेवढा माशाचाही आला नसेल. पाणी मुळात मूर्ख असतं. फट दिसली की तिकडे धावतं. फट बंद केली की पाण्याचा विषय संपला. पण हे गल्लीला कोण समजावणार.

संकल्प: घर सोडायचं नाही. डोकं शांत ठेवायचं. रोज लिहायचं. कुणासाठी म्हणून नाही. वाचण्याच्या लायकीचं इथे आहे कोण.

१४ ऑक्टोबर, दुपार

हिने बॅग भरली. नगरपालिकेची बस टेकडीवरच्या शाळेत नेऊन सोडते म्हणे. मलाही चला म्हणाली. मी तिला शांतपणे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह समजावून सांगितला. घरातलं पाणी गटारात जाऊ देतो, गटारातलं घरात येऊ देत नाही. साधी गोष्ट. तिने विचारलं, आपल्याकडे बसवलाय का? मी म्हटलं, मुद्दा तो नाही. अख्ख्या शहराला मी ते व्हॉल्व्ह विकलेत. आपला बसवायचा राहिलाय, तो बसवू कधीतरी. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. नवऱ्याचं ज्ञान बायकोला उशिरा कळतं.

सासूबाई मात्र थांबल्या. गेल्या वर्षापासून आमच्याकडेच असतात. मुलीला म्हणाल्या, माझे गुडघे दुखतात, बसच्या पायऱ्या चढवणार नाहीत, मी जावईबापूंबरोबर राहते. दोघी दाराशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मग ही एकटीच गेली, तीही मागे वळून बघत.

सासूबाईंना माणसाची पारख आहे. अक्षरओळख बेताची, पण पारख आहे.

१५ ऑक्टोबर, सकाळ

काम सुरू. शोरूममधून सिलिकॉनच्या ट्यूबा आणि गन आणून ठेवलीच होती. पुढचं दार, मागचं दार, खिडक्यांच्या चौकटी, सगळं सील केलं. बोटाने सफाईदार फिनिशिंग. आमच्या शोरूममधल्या फिटरला सात जन्मांत जमणार नाही.

सासूबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, आता आपण बाहेर कसे जाणार? मी म्हटलं, बाहेर जायचंच नाही, सगळी योजना त्यावरच उभी आहे. त्या म्हणाल्या, बरं.

त्यांचं हे ‘बरं’ मला आवडत नाही. त्यात होकार नसतो.

मग त्यांनी सामान वरच्या खोलीत न्यायला घेतलं. एकेक पायरी, कठड्याला धरून. पिण्याच्या पाण्याचे डबे, ब्लँकेटं, पाव, बिस्किटं. मी सांगितलं, यामुळे घबराट पसरते. त्या म्हणाल्या, घरात आपण दोघंच आहोत, कुणात पसरणार? हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. शिस्त म्हणून त्यांनी वर नेलेली एक टोपली मी स्वतः परत खाली आणून स्वयंपाकघरात ठेवली. कुठेतरी रेघ ओढावी लागते.

१५ ऑक्टोबर, दुपार

वीज गेली. वारा बरा आहे, म्हणजे बराच आहे. समोरच्या घराच्या पत्र्यांपैकी एक आमच्या अंगणात येऊन पडला. स्वस्त माल.

रस्त्यावर पाणी चढतंय. दातवाल्याचं फाटक बुडालं. त्याच्या घरात पाणी शिरलेलं खिडकीतून स्पष्ट दिसतंय. दारं उघडी टाकून गेलाय बावळट. सोफा तरंगतोय. तो परत आल्यावर चेहरा कसा करायचा ते ठरवून ठेवलं आहे. सहानुभूती, पण थोडी.

आमचा हॉल कोरडा ठणठणीत. सासूबाईंना जिन्यावरून खाली बोलावून दाखवला. म्हटलं, थेंबसुद्धा आत येणार नाही. त्या म्हणाल्या, बाथरूममध्ये काय वाजतंय?

थोड्या वेळाने

मोरीच्या जाळीतून पाणी वर येतंय. कमोडमधूनही. गटाराचं. वासावरून शंका नको.

हा नगरपालिकेचा नालायकपणा आहे. माझ्या सीलिंगचा याच्याशी काही संबंध नाही.

जाळीवर उशी कोंबली, त्यावर व्हाइट सिमेंट थापलं, त्यावर कपडे धुवायचा दगड. कमोडमध्ये गालिचा. हिचा आवडता होता, पण युद्धात असं चालायचंच. पाणी थांबलं. पूर्ण थांबलं. घोट्याएवढं साचलंय, ते पुसता येईल. सासूबाई जिन्यात बसून होत्या. मला म्हणाल्या, आता वर या. सेनापती असा मैदान सोडत नाही, हे मी त्यांना सांगितलं.

संध्याकाळ

हॉलच्या खिडकीची काच फुटली. बाहेरचं पाणी एकदम आत आलं. चौकट जागची हलली नाही, हे नमूद करतो. फुटली ती काच. काच आम्ही विकत नाही.

वर आलो आहे. परिस्थितीचा आढावा घेण्यासाठी.

१६ ऑक्टोबर, सकाळ

अर्धा जिना पाण्यात. खाली फ्रिज आडवा तरंगतोय आणि मधूनमधून भिंतीवर आपटतो. कुणी दार ठोठावल्यासारखं वाटतं. झोप लागली नाही. सासूबाईंनी त्यांचं ब्लँकेट माझ्या अंगावर घातलं होतं. म्हाताऱ्या माणसांना उकडतं.

पाव खाल्ला. सासूबाईंनी अर्धाच खाल्ला. चक्कर येते म्हणाल्या. म्हटलं, वादळात हवेचा दाब कमी होतो. त्या म्हणाल्या, हवेचा सोडा, माझा वाढलाय. माझ्या प्रेशरच्या गोळ्या त्या टोपलीत होत्या.

कोणत्या टोपलीत ते मी विचारलं नाही.

त्यांनी आधी सांगायला हवं होतं. आमच्याकडच्या बायकांना वेळेवर बोलायची सवय नाही.

संकल्प: खाली जाऊन गोळ्या आणायच्या. स्वयंपाकघराचं दार जिन्यापासून चार ढांगांवर. मला पोहता येत नाही, पण घरात कोण पोहतं.

नंतर

गोळ्या मिळाल्या नाहीत. कारणं तांत्रिक आहेत.

पाणी छातीपर्यंत होतं. पुढे सरकलो तोच फ्रिज फिरला आणि त्याने माझा रस्ता अडवला. पायाखाली शेवाळ की सिमेंट, काहीतरी होतं. मी काही काळ पाण्याखाली पाहणी केली. मग जिन्याचा कठडा पकडून उभा राहिलो. पुढचा विचार करत होतो.

तेवढ्यात सासूबाई खाली आल्या. नको सांगितलं होतं. गुडघ्यांवर हात ठेवत, बसत बसत, पाण्यात कंबरेपर्यंत उतरल्या. चादरीचं एक टोक वर कठड्याला बांधून आल्या होत्या. दुसरं टोक माझ्याकडे टाकलं आणि म्हणाल्या, धरा. त्यांचा तोल जाऊ नये म्हणून मी ते टोक धरलं. त्या मागे मागे सरकत राहिल्या, मी पुढे. अशा तऱ्हेने त्यांना सुखरूप वर आणलं.

वर आल्यावर मी थरथरत होतो. थंडीने. त्यांनी माझं डोकं पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं, खसाखसा. म्हणाल्या, नाकात पाणी गेलंय, जोरात शिंकरा. मी शिंकरलो. या वयात.

दुपार

सासूबाई झोपल्या आहेत. तोंड पांढरं पडलंय. अंगावरची साडी ओली आहे, दुसरी खाली पाण्यात. माझा कोरडा सदरा आणि दोन्ही ब्लँकेटं घातली.

हाक मारली. ओ दिली.

पुन्हा हाक मारली. म्हणाल्या, झोपू द्या हो.

पाणी घेता का विचारलं. मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. बरंसुद्धा म्हणत नाहीत.

मदतवाल्यांच्या बोटी कुठे तडमडल्यात. सकाळी दोन जाताना दिसल्या होत्या. एक तर गॅलरीजवळून गेली, माणसाने विचारलंही, कुणी आहे का. मी तेव्हा पडद्यामागे होतो. आम्हाला गरज नव्हती तेव्हा.

पुन्हा हाक मारली.

जरा वेळाने

पडदा काढून गॅलरीतून हलवतोय. ओरडतोय सुद्धा. घसा बसला. बोट दिसत नाही.

संध्याकाळ, शाळेत

बोट आली. थोडक्यात लिहितो, पेन दुसऱ्याचं आहे.

बोटीवर दोन माणसं, दोन्ही उद्धट. एकाने विचारलं, दारातून का नाही येत? मी सांगितलं, सील केलंय. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. यांना प्रशिक्षण कोण देतं कुणास ठाऊक.

सासूबाईंना उचलायला ते गॅलरीत चढले, तर त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बोट केलं. म्हणाल्या, आधी यांना घ्या, यांना पाण्याची भीती वाटते. ग्लानीत माणूस काहीही बोलतो. बोटीचा तोल तपासायला कुणीतरी आधी उतरणं आवश्यक होतं, म्हणून मी आधी उतरलो. नाही म्हटलं होतं मी. एकदा.

वाटेत त्यांचा हात माझ्या हातात होता. गार होता. मी तो चोळत राहिलो. उद्धटांपैकी एक म्हणाला, साहेब, हळू, कातडी निघेल आजींची.

१७ ऑक्टोबर

शाळेत नववीच्या वर्गात बाकं जोडून सासूबाईंना झोपवलंय. डॉक्टरीण येऊन गेली. गोळी दिली, सलाईन लावली. अजून काही तास असेच गेले असते तर, एवढंच म्हणाली आणि वाक्य पुरं केलं नाही. अर्धवट बोलायची फॅशनच आहे या लोकांची.

ही रात्रभर आईजवळ बसली होती. मला एकच वाक्य बोलली. म्हणाली, जिला बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, ती बुडलेला जिना कशी उतरली, याचा जरा विचार करा.

मी विचार केला. गुडघेदुखीचं असंच असतं. कधी दुखतात, कधी नाही.

शाळेची व्यवस्था भिकार. चहा म्हणजे गरम पाणी. संडासाचे फ्लश तीन वर्षांपूर्वीच्या मॉडेलचे. मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, नंतर बोलू.

१९ ऑक्टोबर

पाणी ओसरलं. घर बघून आलो.

रस्ता मोकळा, चिखल फक्त. दातवाला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खराट्याने गाळ ढकलत होता. त्याचं घर वाहून स्वच्छ झालंय म्हणे, दारं उघडी होती म्हणून पाणी आलं तसं गेलं. सोफा अंगणात वाळत घातलाय. मी ठरवून ठेवलेला चेहरा केला. तो म्हणाला, तुमच्याकडे जरा बघा.

माझ्या हॉलमध्ये खिडकीच्या कट्ट्यापर्यंत पाणी आहे. संथ. फ्रिज मधोमध. अख्ख्या गल्लीत आता फक्त माझ्याकडे पूर आहे. मोरी सिमेंटने बंद, कमोडमध्ये गालिचा, दारं सील. चार दिवसांत थेंब बाहेर गेलेला नाही.

हे बघायला गल्ली जमली होती. कुणीतरी विचारलं, मासे सोडलेत का? असल्या लोकांना उत्तर देत नसतो. खरं तर कारागिरी म्हणून बघितलं तर याला तोड नाही. शोरूमच्या मालकांना फोटो पाठवायचा विचार होता.

शेवटी दातवाल्याने पहारीने दार फोडलं. पाणी एकदम रस्त्यावर आलं, त्याने झाडलेल्या अंगणात शिरलं. त्याने पुन्हा खराटा घेतला.

फोटो नाही पाठवला.

२० ऑक्टोबर

सासूबाई उठून बसल्या. रंग परतलाय. संध्याकाळी त्यांच्या बाकाभोवती बायका जमल्या, दातवाला बायकोला घेऊन आला, ही उशाशी होती. मी खिडकीपाशी उभा होतो. कुणीतरी विचारलं, आजी, एवढ्या पाण्यात कशा निभावलात?

मी बाहेर जाणार होतो. पण दारात गर्दी होती.

सासूबाई म्हणाल्या, जावई होते म्हणून. माझ्या गोळ्या खाली राहिल्या, माझाच विसराळूपणा. तर हे छातीएवढ्या पाण्यात उतरले. पोहता येत नाही हो त्यांना. मी जिन्यात घसरले, तर चादर धरून मला वर आणलं. स्वतःचा कोरडा सदरा मला घातला आणि घसा फुटेस्तोवर ओरडून बोट थांबवली.

मी सांगितलं असतं तर असंच सांगितलं असतं. एखादा शब्द इकडेतिकडे.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दातवाल्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्याच्या तळहाताला खराट्याचे फोड होते. म्हणाला, आम्ही आपले पळून गेलो. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. इतका साधा माणूस मी पाहिला नाही.

हिच्याकडे बघितलं. ती आईच्या पांघरुणाची घडी नीट करत होती. बराच वेळ एकच घडी. सासूबाईंकडे बघितलं. त्या चहात बिस्किट बुडवत होत्या, आणि ते मोडून पडू नये एवढीच त्यांना काळजी दिसत होती.

म्हणायचं होतं काहीतरी. तोंडही उघडलं होतं.

मग म्हटलं, द्या ते कप, विसळून आणतो.

कुणी नको म्हणालं नाही. मागच्या नळावर गेलो. अख्ख्या वर्गाचे कप होते. सगळे विसळले.