येळवणी

धाराशिव, ३१ मार्च २०२५

ती. स्व. महादेवी अक्कास,
धाकट्या शिवशरणचे शरणार्थ, वि. वि.

जिभेच्या ऑपरेशननंतर माझं बोलणं फोनवर कुणाला कळत नाही, म्हणून हे पत्र. किरणांचे तेहतीसपैकी सोळा शेक झाले. शेक देताना तोंडावर जाळीचा मुखवटा आवळतात. आता तो सैल बसतो, तेवढाच आराम. तोंड आतून सोललंय, दूध चुन्यासारखं लागतं.

अक्का, तीस वर्षं दारूबंदीवर गरजलो, ते गालात तंबाखू धरून! टाळ्या पिटणाऱ्या हजारांत एकानंही विचारलं नाही. मीही मला विचारलं नाही. ही चीड कुठं ओकू?

काळजी नसावी. डॉक्टरांनी पातळ द्या म्हटलंय, महेश्वरी रोज ताजं करते. काल पाडव्याला सगळ्यांना पोळी, मला वाटीभर येळवणी. वजनाचं ठीक आहे.

धाकट्यावरची माया आटू देऊ नका.
शिवशरण

येडशी, ४ एप्रिल

चि. शिवशरण यास आशीर्वाद.

भाषण झकास. वजन कुठाय? एकतीस वर्षं अंगणवाडीत लेकरं काट्यावर ठेवली मी. लपवणाऱ्या आईचा एकच शब्द असायचा, ‘ठीक आहे’. मुखवटा सैल झाला म्हणतोस. जाळी वाढत न्हाय बाबा, तोंड आटतं.

आणि येळवणी? पुरणाची डाळ घरानं खाल्ली, तिचं गाळलेलं पाणी आजाऱ्याला! पातळ म्हणजे पाणी न्हाय. वरण, भात, शेंगदाणे, तूप, सगळं गंधासारखं वाटून दूध घालून घ्यायचं. महेश्वरीला बोल लावू नको, तिला कुणी सांगितलंच नसंल. तुला मात्र कळत होतं. पाणी सोसतं म्हणून गप बसलास.

पुढच्या पत्रात भाषण नको, आकडा पाठव. रागाच्या खाली माया आहे, ती तेवढी ओळख.
अक्का

धाराशिव, ११ एप्रिल

ती. स्व. अक्कास, महेश्वरीचा नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांच्या उशीखाली सापडलं. वाचून दवाखान्याचा कागद काढून बघितला. बासष्ट किलोचे सत्तेचाळीस झालेत. मुखवटा बसंना म्हणून सोळाव्यानंतर शेक थांबवलेत. लई दिवस खंड पडला तर आजार उचल खाईल म्हणतात. आता वाटून दिलेलंही घशाखाली जात न्हाय. नाकातून नळी घालायची, तर ह्यांनी पाटीवर लिहिलं, तोंडानं सभा जिंकल्या, नाकानं जेवणार नाही.

मी रोज पाणीच पाजत होते, अक्का. प्रेमानं पाजत होते.

तुम्ही याच. ह्या चुकीसकट मला पदरात घ्या.
महेश्वरी

धाराशिव, १६ एप्रिल

ती. स्व. अक्कास, शरणार्थ.

तुम्ही घरातला काटा बगलेत धरून एसटीनं आलात. शेजारपाजाऱ्यांसमोर मला त्यावर उभं केलंत. मला वाटलं, आता तोफ सुटणार. तुम्ही खाली वाकून आकडा वाचलात आणि तिथंच बसून राहिलात. उठायला तुम्हाला हात द्यावा लागला. तेव्हा कळलं, माझा ताठा कुणाच्या पायांवर उभा आहे.

तुम्ही परत गेलात आणि काल नळी घातली. महेश्वरीनं वरण वाटलं, तीन वेळा गाळलं, नळीत ओतलं. चव नाही. पण छातीतून ऊब उतरताना समजली.

नवा मुखवटा तयार आहे. सोमवारी सतरावा शेक.

वजन : सेहेचाळीस किलो, दोनशे ग्रॅम.

भाषण नाही.
शिवशरण