पडायला कुणी शिकवलं

सॅन डिएगो, रविवार

सौ. कोरिनबाईंस,

माझा नवरा तू नेलास, ते मी देवावर सोडलं. पण इनेस माझी लेक आहे. तिचं मनगट मोडलं, तेव्हापासून स्केटबोर्डवर हेल्मेट घाल म्हणून विनवतेय. "आई, भोपळा दिसते मी!" तू सांगितल्यावर मात्र हेल्मेट, मनगटपट्टे, गुडघ्यांची कवचं, सगळं चढवते.

आज चर्चहून येताना स्केटपार्कात थांबलो, तर बोर्डवरून उतरताना तिचा उतारावर तोल गेला. मी डोळे मिटणार, तोच पोरगी हात न टेकता गुडघ्यांच्या कवचांवर घसरत खाली आली, हसत उठली.

"कोरिन म्हणते, पडणं चुकत नाही, म्हणून आधी पडायला शिकायचं. घाबरलीस ना, आई?"

मी मरियामातेचे आभार मानले. तुझेही मानायला हवे होते, पण जीभ रेटेना.

इनेसची एकुलती एक आई,
मारिबेल