एकतीस आणि मूवत्तोंदु

गुरुजी, तुमचं चुकलं होतं. तुम्ही असताना हे वाक्य माझ्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा म्हटलं, निदान कागदावर तरी बोलून घ्यावं. निपाणीजवळच्या या तीन खोल्यांच्या मराठी शाळेत तुम्ही हेडमास्तर होता आणि मी नवी कोरी बाई, पहिली-दुसरी-तिसरी एकाच खोलीत सांभाळणारी. आज तुमच्या खुर्चीत मी बसते. वर्ग मात्र अजून तोच माझ्याकडे आहे, आणि त्या वर्गात यंदा जे घडलं ते तुम्ही ऐकायलाच हवं होतं.

तुमचा सगळा भर टाचणावर. उद्या काय शिकवायचं ते आज लिहून दाखवल्याशिवाय आमची सुटका नसायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही मला वहीसकट घरी न्यायचा, काकू स्वयंपाकघरात पाट द्यायच्या आणि भाकरी वाढता वाढता माझ्या टाचणाची चिरफाड सुरू व्हायची. "बाई, गणिताला पोरं जांभया देत्यात, तो काय गणिताचा दोष न्हाय, तुमचा हाय," असं तुम्ही तोंडावर सांगायचा. "एकच वस्तू घ्या. तिच्यातनंच गणित काढा, भाषा काढा, चित्र काढा, गाणं काढा. तीन वर्गांस्नी तीन बाया कुठल्या आणायच्या आपण?" मला राग यायचा आणि घरी जाऊन मी निमूट सगळं पुन्हा लिहायची. शिकवायचं कसं ते मी तुमच्याकडूनच शिकले, हे मी कुठंही नाकारत नाही.

अशाच एका शनिवारी काकूंचं लोणच्याचं काम निघालेलं. काकू गोकाककडच्या, घरात तुम्ही दोघं कानडीच बोलायचा. तुम्ही बरणीत लिंबं टाकताय आणि मोजताय, "इप्पत्तोंबत्तु, मूवत्तु, मूवत्तोंदु..." आणि माझा घास हातातच राहतो. मूवत्तु म्हणजे तीस, ओंदु म्हणजे एक. तीस आधी, एक मागून, जसं लिहायचं तसंच बोलायचं! आपल्या एकतीसमध्ये एक आधी ऐकू येतो, म्हणून पोरं एक आधी लिहितात, एकतीसचे तेरा करतात आणि वर बोलणी खातात. आणि इथली पोरं तर लगोरी खेळताना, बसमध्ये, दुकानात कानडी आकडे सर्रास बोलतात. रविवारभर बसून मी टाचण लिहिलं. शेतातून तुरकाट्या आणायच्या, दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या, आकडा आधी कानडीत बोलायचा, मग मराठीत, मग लिहायचा. इतकी खूश होते मी, की सोमवारी घंटेच्या आधीच तुमच्यापुढे वही ठेवली. तुम्ही वाचलंत आणि पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ ओढलीत. "बाई, ही मराठी शाळा हाय. कानडीत मोजायचं तर रस्त्यापल्याड दुसरी शाळा हाय की!"

लिंबांचं नाव काढायची माझी छाती झाली नाही. तुमच्या मनात काय होतं तेही मला कळत होतं. पट दरवर्षी घटत होता, मराठी शाळा टिकवायची म्हणून तुम्ही दारोदार फिरत होता, आणि त्यात मी वर्गात कानडी आणायला निघालेली. मी गप्प बसले. तुम्ही निवृत्त झालात, मग गेलात, तरी मी गप्पच. दरवर्षी चार-दोन पोरं एकतीसचे तेरा करायची, मी शंभरदा लिहून घ्यायची, काही सुधारायची, काही तशीच पुढं जायची. स्वतःचाच राग येतो आता.

यंदा दुसरीत एक मुलगी आहे. गोष्ट सांगायला लावली तर थांबायची नाही, आकडा म्हटला की मान खाली. एक दिवस तिची आई आली. बिड्या वळून तिची बोटं काळी पडलेली, मुलीचा दंड धरून दारातच उभी राहिली. "बाई, हिच्या डोस्क्यात आकडं बसंनात. हिला परत पयलीत बसवा, धाकट्या भावासंगट." मुलगी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. मी म्हटलं, आठ दिवस द्या मला. घरी जाऊन तुमच्या लाल रेघेची वही काढली आणि ते टाचण जसंच्या तसं नव्या पानावर उतरवलं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही वर्ग घेऊन मी शेजारच्या शेतात. तूर नुकतीच काढलेली, काट्यांचा ढीग बांधाला पडलेला. पहिलीवाल्यांनी लांब-आखूड वेगळ्या केल्या, दुसरीनं जुड्या बांधल्या, तिसरीनं किती उरल्या त्याचा हिशोब केला. मग त्याच काट्यांनी व्हरांडा मोजला, तुरीच्या झाडाचं चित्र काढलं, त्यावर वाक्यं लिहिली, जुड्या बांधतानाच्या आरोळीचं गाणं झालं. जांभई एकालाही आली नाही, गुरुजी, मी मुद्दाम बघत होते! शेवटी त्या मुलीला पुढं बोलावलं. "मूवत्तोंदु दाखव." तिनं तीन जुड्या डावीकडं ठेवल्या, एक सुटी काटी उजवीकडं. "मराठीत काय म्हणायचं?" "एकतीस." "लिही." तिनं आधी एकचाच आकडा काढला. मग ती थांबली, जुड्यांकडं बघितलं, ओठांतल्या ओठांत मूवत्तोंदु म्हणाली, तळहातानं तो एक पुसला आणि लिहिलं, ३१. फळ्यापासून हलेचना. "बाई, अजून सांगा की, अजून!" आम्ही नव्याण्णवपर्यंत गेलो. चार दिवसांनी तिसरीतल्या एका दांडगोबाची पाटी बघून ती वर्गभर ओरडली, "आरं, उलटं लिव्हलास की रं!" मला तर नाचावंसं वाटलं.

आठ दिवसांनी आई आली. मी विचारलं, "काय मग, बसवू का पहिलीत?" लेकीनं पाटीवर भराभर लिहिलेले आकडे तिनं नीट बघितले, पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "बसवा की बाई. शिकवाय बसवा."

मग तपासणीला मॅडम आल्या, धारवाडकडच्या. त्यांनी पाठ बघितला, मुलांबरोबर खाली बसून स्वतः जुड्या बांधल्या आणि विचारलं, "टीचर, ही आयडिया कुणाची?" आणि मी काय बोलले माहीत आहे? "आमच्या मोठ्या गुरुजींची." तुमची, गुरुजी! आता हे टाचण तालुक्यातल्या सगळ्या मराठी शाळांना छापून जाणार आहे. सगळ्यांना वाटलं मी आदरापोटी नाव घेतलं. तसं नव्हतं. मराठी शाळेत कानडी आकडे कशाला, असं कुणी विचारलं तर तुमच्या नावापुढं कुणाची बोलायची टाप नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी भ्याले होते.

काल छापायचा कागद दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला. खाली तुमचं एकट्याचं नाव. हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून मोकळेपणानं सांगते. तुमचं नाव मी खोडलं नाही. तुमच्या नावाच्या आधी माझं घातलं, ठळक, शाईच्या पेनानं. घालताना एकदा दाराकडं बघून घेतलं, तेवढं मात्र खरं.