एकदम फ्रेश

४ मार्च, मंगळवार
मेहुण्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये इतकी वर्षं शिकवतोय, आज पहिल्यांदा गाडी ठोकली. म्हणजे मी नाही, शिकणाऱ्या बाईंनी. रिटायर्ड हेडमिस्ट्रेस आहेत. फर्निचरच्या दुकानाबाहेर मांडलेल्या सोफ्यात गाडी घातली. कोणाला लागलं नाही. बाईंचं म्हणणं, मी शेजारच्या सीटवर झोपलो होतो. मी डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होतो. हे नवशिक्या माणसाला कसं समजावणार?
मेहुणा म्हणाला, भावोजी, जरा फ्रेश होऊन या. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, भांग पाडला, लगेच हजर झालो. तर म्हणे तसं नाही, थोडे दिवस घरी विश्रांती घ्या. बायकोचा भाऊ असूनही माझी किती काळजी करतो.

५ मार्च
संकल्प: रात्री लवकर झोपणे. पहाटे उठून फिरायला जाणे. चहा बंद. आठवड्यात फ्रेश होऊन दाखवतो.

६ मार्च
पहाटे गजर झाला. बंद केला. विश्रांती घ्यायची आणि गजर लावून उठायचं, यात काही अर्थ नाही. साडेनऊला उठलो. एकदम फ्रेश. पेपर वाचताना पुन्हा डोळा लागला. शरीर जुना बॅकलॉग भरून काढतंय. चांगलं लक्षण आहे.
चहा उद्यापासून बंद.

८ मार्च
मुलीने मोबाइलवर एक आवाज ऐकवला. कोणीतरी फरशीवरून टेबल ओढत नेतंय, मध्येच थांबतंय, मग दुप्पट जोराने ओढतंय. म्हटलं, वरच्या मजल्यावरचे असणार. ती म्हणाली, बाबा, हे तुम्ही आहात. झोपेत तुमचा श्वास थांबतो. आई रात्रभर जागी असते आणि तुम्हाला हलवते.
आता कळलं मला फ्रेश का वाटत नाही. रात्रभर माणसाला हलवल्यावर झोप होणार कशी? बायकोला स्पष्ट सांगितलं, हे बंद कर. ती भांडी लावायला निघून गेली.

१० मार्च
मुलीच्या समाधानासाठी डॉक्टरकडे. वेटिंग रूममध्ये जरा टेकलो. माझं नाव पुकारलेलं मला ऐकू आलं नाही. शेजारच्या आजोबांनी कोपर मारलं. डॉक्टर म्हणाले, नाकावर मास्क लावून, यंत्राची नळी जोडून झोपायचं. आणि झोप सुधारेपर्यंत गाडीत शिकवायला बसायचं नाही. मी म्हटलं, मी पाणबुड्या नाही. डॉक्टर अगदी तरुण आहेत. त्यांच्याच डोळ्यांखाली काळं झालंय. त्यांनी आधी स्वतः फ्रेश व्हावं.

१४ मार्च
बायकोने भाजी चिरताना बोट कापून घेतलं. विळीवर बसल्या बसल्या डुलकी लागली म्हणे. मी म्हटलं, तुलाही जरा फ्रेश व्हायला हवं. तिने बोट नळाखाली धरलं. पट्टी मुलीने बांधली.
दोघांनी मिळून फिरायला जायचं ठरवलं. म्हणजे मी ठरवलं.

१५ मार्च
फिरायला गेलो नाही. बूट सापडले नाहीत.

१७ मार्च, सोमवार
बोलावण्याची वाट न बघता स्कूलमध्ये गेलो. वाटेत दोन कप कडक कॉफी. मेहुण्याला म्हटलं, फ्रेश झालोय, घे परीक्षा. तो म्हणाला, ठीक आहे, मी शिकणारा, तुम्ही शिकवणारे. चौकापर्यंत सगळं आठवतंय. तू क्लच अर्धवट सोडतोस, असं मी त्याला ठणकावून सांगितलं.
त्यानंतर गाडी आमच्या घरासमोर उभी होती. इंजिन बंद. मेहुणा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता. किती वेळ तिथे उभे आहोत ते मी विचारलं नाही. तो हळू आवाजात म्हणाला, भावोजी, तुमचं काही बरंवाईट झालं तर मी ताईला काय तोंड दाखवू? आता येऊ नका. तुमच्या बॅचेस मी शिकवायला दुसऱ्या एका बाईंना दिल्यात. कधी दिल्या विचारलं. म्हणाला, त्या मंगळवारीच.
म्हटलं, हरकत नाही, नवीन आहेत तर हाताखाली घेईन, तयार करीन. त्याने उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं.

२१ मार्च
मुलीने यंत्र आणलं. मास्कचे पट्टे तिनेच डोक्यामागे बांधले. बायकोच्या समाधानासाठी फक्त एक रात्र लावणार आहे. उद्या परत पाठवायचं.

२२ मार्च, सकाळ
रात्री एकदाही जाग आली नाही. उठलो तर डोकं कापसासारखं हलकं. खिडकीतला उजेड टोचत नव्हता. याला फ्रेश म्हणतात तर. मग इतकी वर्षं मी ज्याला फ्रेश म्हणत होतो ते काय होतं कोण जाणे.
बायको अजून झोपली आहे. उशीत तोंड खुपसून, पट्टीचं बोट बाहेर. तिला इतक्या उशिरापर्यंत झोपलेलं मी पाहिलंच नव्हतं.
आवाज न करता दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. बुटाची नाडी बांधून उभा राहिलो, आणि मग लक्षात आलं, बॅचेस आता माझ्या नाहीत.
कपडे तसेच आहेत. खुर्चीत बसलोय. झोप मुळीच येत नाही.